हिशेबपट्टीवरील खुणांची गोष्ट

सटाण्याच्या बाजार समितीच्या आवारात कांद्याचा लिलाव चाललेला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीने उभ्या असतात. व्यापारी मूठभर कांदे हातात घेऊन पाहतात, बोली चढत जाते आणि कोठेतरी थांबते. मग खळ्यावर माल उतरतो, काट्यावर वजन होते आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात एक लहानसा कागद पडतो. हीच हिशेबपट्टी. चार महिन्यांच्या श्रमांचे मोल त्या कागदावर एका ओळीत मावलेले असते. उदाहरणादाखल अशी एक ओळ घेऊ. भाव आपण हिशेब सोपा व्हावा म्हणून धरलेला आहे.

कांदा १२.५० क्विं. @ ₹ १,६००/- = ₹ २०,०००/-

आता ही ओळ पुन्हा एकदा नीट पाहा. तीत 'कांदा' हा एकच पुरा शब्द आहे. बाकी सगळे आकडे आणि खुणा! तरीही ती वाचताना कोणाला अडचण पडत नाही. 'साडेबारा क्विंटल कांदा, क्विंटलला सोळाशे रुपये दराने, एकूण वीस हजार रुपये' असे आपण भराभर वाचून टाकतो. ज्या खुणा आपण इतक्या सहज वाचतो त्या आल्या कोठून? कोणी केल्या? आणि त्यांचा अर्थ चुकला तर काय होते? या लेखात आपण त्याचाच शोध घेणार आहोत.

गोलात बसलेला 'ए'

पहिली खूण @ ही. पट्टीवर तिचा अर्थ 'दराने' असा आहे. हे चिन्ह फार जुने आहे. १४४८ साली स्पेनमधील कॅस्टिलहून अॅरागॉनला गेलेल्या गव्हाच्या नोंदीत ते सापडते. पुढे १५३६ साली फ्रान्चेस्को लापी नावाच्या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने सेव्हिल शहरातून लिहिलेल्या पत्रातही ते आहे. दोन्ही ठिकाणी ते मापासाठी वापरलेले आहे. इटलीच्या व्यापाऱ्याला त्यातून 'अँफोरा' म्हणजे दारूचा रांजण सांगायचा होता, तर स्पेनमध्ये त्याचा अर्थ होता 'आरोबा'.

आरोबा हा शब्द मूळ अरबी. त्याचा अर्थ 'चौथा हिस्सा'. चौथा हिस्सा कशाचा? तर क्विंटलचा! त्या काळचा स्पॅनिश क्विंटल १०० पौंडांचा आणि आरोबा २५ पौंडांचा, म्हणजे आजच्या सुमारे साडेअकरा किलोंचा असे. 'क्विंटल' या शब्दाचा प्रवासही असाच आहे. शंभराशी संबंधित एक लॅटिन शब्द अरबांकडे जाऊन 'किंतार' झाला आणि तेथून युरोपात परत येऊन 'क्विंटल' बनला. आज आपला क्विंटल १०० किलोंचा आहे. म्हणजे सटाण्याच्या पट्टीवर 'क्विं.' आणि @ शेजारी शेजारी बसलेले दिसतात, ते पाच-सहाशे वर्षांपूर्वीचे जुने शेजारीच होत.

पुढे व्यापाऱ्यांनी हे चिन्ह 'दराने' या अर्थाने वापरण्यास सुरुवात केली आणि टंकलेखन यंत्रावरही त्याला एक कळ मिळाली. १९७१ साली रे टॉम्लिन्सन हे अमेरिकन अभियंते एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप पाठवण्याची युक्ती बसवीत होते. माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव यांच्यामध्ये एखादी खूण हवी होती, पण ती कोणाच्याही नावात येणारी नको होती. त्यांची नजर @ वर पडली. गव्हाच्या वजनाची खूण अशा रीतीने ई-मेलच्या पत्त्यात येऊन बसली.

रुपया, तिरपी रेघ आणि आडवी रेघ

₹ हे चिन्ह मात्र तुमच्यापैकी अनेकांच्या वयाच्या आसपासचे आहे. भारत सरकारने ते १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. देशभरातून मागवलेल्या आराखड्यांतून डी. उदय कुमार यांचा आराखडा निवडला गेला. ते मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये संशोधन करीत होते. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' या दोघांचेही रूप त्यात दिसते, आणि वरची आडवी रेघ आपल्या शिरोरेषेची आठवण करून देते.

रकमेपुढचे '/-' आले इंग्रजांबरोबर. त्यांच्याकडे पौंड, शिलिंग आणि पेन्स अशी नाणी होती. पाच शिलिंग आणि वर पेन्स काही नाहीत, हे सांगण्यासाठी ते '५/-' असे लिहीत. यातली तिरपी रेघ म्हणजे शिलिंगच्या आद्याक्षराचे, जुन्या लांबट 'एस'चे, झिजत गेलेले रूप. आडवी रेघ म्हणजे 'पुढे काही नाही'. शिलिंग आपल्याकडे कधीच चालले नाहीत, पण खूण राहिली. कारण ती उपयोगी होती. १,६०० पुढे कोणी गुपचूप एक शून्य वाढवले तर? '/-' असल्यावर तेथे आकडा घुसडायला जागाच उरत नाही. खुणेने येथे पहारेकऱ्याचे काम पत्करले.

अंजिरांची पिंपे आणि दोन जुळ्या रेघा

अधिक आणि वजा ही चिन्हे गणिताच्या पंडितांनी शोधली असावीत, असे आपल्याला वाटते. पण छापील पुस्तकात ती प्रथम आली १४८९ साली, योहानेस विडमान यांच्या व्यापारी अंकगणितात. हे पुस्तक जर्मनीतील लाइपझिग येथे छापले गेले. त्यात अंजिरांच्या पिंपांचे एक उदाहरण आहे. प्रत्येक पिंपाचे वजन अमुक शंभर-पौंडी माप 'अधिक' काही पौंड, किंवा त्याहून काही पौंड 'कमी', असे + आणि − या खुणांनी दाखवले आहे. म्हणजे ही चिन्हेही काट्यावरच जन्मली म्हणायची!

बरोबरचे चिन्ह = हे मात्र एका गणिताच्या शिक्षकाचे. वेल्सचे रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली आपल्या बीजगणिताच्या पुस्तकात ते प्रथम वापरले. 'बरोबर आहे' हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा त्यांना कंटाळा आला होता. म्हणून त्यांनी सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा घेतल्या. दोन गोष्टी याहून अधिक सारख्या असूच शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे.

हातघाईने लिहिताना अक्षरे एकमेकांत मिसळली, त्यातूनही काही चिन्हे तयार झाली. दुकानाच्या पाटीवर 'अमुक & सन्स' असे असते. त्यातले & म्हणजे लॅटिनमधील 'एत्' हा शब्द, अर्थ 'आणि'. त्याची दोन अक्षरे जोडून लिहिता लिहिता हे रूप झाले. आपल्याकडे क् आणि ष मिळून 'क्ष' झाला, तसेच हे. फोनच्या बटणांवरचे # हे चिन्हही असेच. रोमन पौंडाचे नाव 'लिब्रा'. त्याच्या 'एल' आणि 'बी' या दोन अक्षरांवर आडवी रेघ मारून लिहीत, आणि घाईने लिहिता लिहिता त्याची जाळी झाली.

आजोबांचे साडेबारा

आता ही पट्टी घरातल्या एखाद्या वृद्ध माणसाला दाखवा. ज्यांनी जुन्या पद्धतीचे हिशेब पाहिले आहेत ते कदाचित १२.५० च्या जागी असे लिहून दाखवतील: १२॥

या दोन उभ्या रेघांचा अर्थ 'अर्धा'. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. १। सव्वा, १॥ दीड, १॥। पावणेदोन, २॥ अडीच. पोथीतल्या ॥ २ ॥ मधल्या रेघा वेगळ्या. तेथे श्लोक संपला असा त्यांचा अर्थ. रेघा त्याच, पण पोथीत त्या विराम दाखवतात आणि वहीत अपूर्णांक!

या पद्धतीत एक सुंदर गणित दडलेले आहे. जुना रुपया १६ आण्यांचा आणि आणा ४ पैशांचा. चार आण्यांना पावली म्हणत. आता मांडणी पाहा: ४ पैसे = १ आणा, ४ आणे = १ पावली, ४ पावल्या = १ रुपया. सगळीकडे चार! म्हणूनच रुपयाचे पैसे ४ × ४ × ४ = ६४. लिहिताना पावलीसाठी उभी रेघ आणि आण्यासाठी आडवी रेघ काढीत. काही जण आण्याची रेघ तिरपी काढीत. एक आणा −, दोन आणे =, तीन आणे ≡. चौथा आणा आला की आडव्या रेघा पुसून एक उभी रेघ.

तर मग सात आणे कसे लिहायचे? एक पावली आणि तीन आणे, म्हणजे ।≡. पंधरा आणे म्हणजे ॥।≡. आणखी एक आणा मिळाला की सगळ्या रेघा जाऊन पूर्ण रुपया. आपण दहा एककांचा एक दशक करतो, तसा हा चाराचा हातचा! वर्गात 'चार पायाची संख्यापद्धती' शिकताना ती अवघड वाटते, पण आपले दुकानदार आणि कारकून ती रोज वापरीत होते.

सटाण्याचे देव मामलेदार, म्हणजे यशवंतराव महादेव भोसेकर, यांचे मंदिर आरम नदीच्या काठी आहे. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिन्यातून लोकांना मदत केली, असे सांगतात. त्या काळच्या मामलेदार कचेऱ्यांतले हिशेब रुपये-आणे-पैमध्ये आणि मोडी लिपीत ठेवले जात. १ एप्रिल १९५७ पासून देशात दशमान नाणी आली, रुपयाचे १०० पैसे झाले आणि आण्यांच्या रेघा हळूहळू वहीतून गेल्या. जिभेवरून मात्र गेल्या नाहीत. 'सोळा आणे खरे' असे आपण अजूनही म्हणतो.

चिन्हाच्या आधीची टक्केवारी

बँकेच्या पाटीवर व्याजाचा दर % या चिन्हाने लिहितात. दोन शून्ये आहेत म्हणून ती शंभरातली शून्ये असावीत असे वाटते, पण तसे नाही. इटलीचे व्यापारी 'पेर चेन्तो' म्हणजे 'दर शेकडा' हे शब्द तोडून लिहीत. पंधराव्या शतकातील हिशेबांत 'चेन्तो'चा शेवटचा 'ओ' लहानसा करून वर लिहिलेला दिसतो. त्या संक्षेपाचे रूप बदलत बदलत % झाले.

पण शेकड्याचा हिशेब त्याहून कितीतरी जुना आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा एक शिलालेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने येथे एक लेणे दान दिले आणि तेथे पावसाळ्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण कायमचे ठेवले. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवली. २,००० कार्षापणांवर व्याज दरमहा शेकडा एक, आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण. पाऊणसाठी शिलालेखात जो शब्द आहे तो आहे 'पायून'! आपला 'पाऊण' किती जुना आहे पाहा.

आता हा हिशेब तपासून पाहू. २,००० वर दरमहा शेकडा १ म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४० कार्षापण. शिलालेख सांगतो की २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यावेत. २० × १२ = २४०. हिशेब तंतोतंत जुळतो! मुद्दल तसेच राहते आणि व्याजातून दरवर्षी वस्त्रे मिळतात. आणि हे सगळे % शिवाय, बरोबरच्या चिन्हाशिवाय, एवढेच काय, शून्याशिवायही. त्या ब्राह्मी लेखात हजारासाठी एक स्वतंत्र खूणच होती. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. विचार आधी येतो, चिन्ह मागाहून येते. मात्र चिन्ह आले की तोच विचार झटपट करता येतो.

श्वास घेण्याच्या खुणा

पट्टीवर नाहीत, पण या लेखात जागोजागी आहेत अशा खुणा म्हणजे विरामचिन्हे. सुमारे २,२०० वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख अॅरिस्टोफेनीस याने वाचकाने कोठे किती थांबावे हे दाखवण्यासाठी तीन उंचींवर तीन ठिपके देण्याची पद्धत घातली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचे मुद्रक आल्डुस मानुटियुस यांच्या पुस्तकांतून आजच्या वळणाचा स्वल्पविराम आणि अर्धविराम रूढ झाला.

मराठीत काय होते? मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढी आणि मग त्यांना अक्षरे टांगीत जाई. लेखणी होता होईल तो उचलायची नाही, त्यामुळे शब्दांमध्ये जागा नाही आणि विरामचिन्हेही नाहीत. कोठे थांबायचे ते वाचणाऱ्याने ओळखायचे. बाळबोध पोथ्यांत एक दंड आणि दोन दंड, एवढाच काय तो विसावा.

छापखाने आले, शाळांची क्रमिक पुस्तके निघू लागली, तेव्हा ही अडचण जाणवली. अनेक मुले एकच पुस्तक, गुरुजी शेजारी नसताना, वाचणार होती. हे काम अंगावर घेतले मेजर टॉमस कँडी यांनी. जन्म १८०४ चा, इंग्लंडमधला. मोल्सवर्थ यांच्या शब्दकोशाच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. १८५० साली त्यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक लिहून इंग्रजी विरामचिन्हांचा मराठीत कसा उपयोग करावा ते समजावून दिले. हिंदीने वाक्याच्या शेवटी दंड ठेवला, मराठीने टिंब घेतले, ते याच वळणावर. १८७७ साली कँडी वारले. त्यांचा स्वल्पविराम आज प्रत्येक मराठी पानावर आहे.

स्वल्पविरामाने काय एवढे बिघडते, असे विचाराल तर हे वाक्य घ्या: 'थांबू नका जा.' आता 'थांबू, नका जा' आणि 'थांबू नका, जा' यांतला फरक मोठ्याने वाचून पाहा. एका अक्षराच्या फेरफाराची तर आपल्याकडे म्हणच झाली आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रातल्या 'धरावे'चे 'मारावे' केले गेले अशी आख्यायिका आहे, आणि तेव्हापासून 'ध चा मा' हे शब्द मराठीत राहिले.

खूण एक, अर्थ अनेक

आपल्या घरीही असा धोका असू शकतो. शेतीच्या उताऱ्याला आपण 'सातबारा' म्हणतो आणि ७/१२ असे लिहितो. येथे तिरपी रेघ भागाकाराची नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, हे दोन नमुने एकत्र, एवढाच तिचा अर्थ.

आता क्षेत्राचा आकडा पाहा. एखाद्या जुन्या कागदावर जमीन १.२५ एकर-गुंठे अशी लिहिलेली आहे. शाळेतले दशांश चिन्ह समजून कोणी 'सव्वा एकर' असे वाचले तर? एकराचे गुंठे ४०. सव्वा एकर म्हणजे ५० गुंठे. पण लिहिणाऱ्याला सांगायचे होते 'एक एकर पंचवीस गुंठे', म्हणजे ६५ गुंठे. फरक १५ गुंठ्यांचा! एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, तेव्हा १५ गुंठे म्हणजे १६,३३५ चौरस फूट. एका टिंबाचा अर्थ चुकला की एवढी जमीन कागदावर नाहीशी होते. क्रिकेटमध्ये '१२.३ षटके' म्हणताना आपण बरोबर बारा षटके आणि तीन चेंडू असे समजतो. तीच सावधगिरी येथे हवी. भावाभावांच्या वाटणीत असा एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर त्याचे दुःख पिढ्यान्‌पिढ्या पुरते.

म्हणून चिन्ह म्हणजे काय, हे एका वाक्यात सांगायचे तर तो लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातला करार आहे. नुसत्या रेघेला किंवा टिंबाला स्वतःचा असा अर्थ नसतो. करार ठाऊक असेल तोवर ती खूण बोलते, आणि विसरला की मुकी होते. मोडी वाचणारी माणसे आता थोडी उरली आहेत, आणि घरोघरच्या ट्रंकांत मोडीतले कागद अजून आहेत.

तेव्हा येत्या सुटीत एक काम करा. घरातल्या वडील माणसांना विचारून जुनी वही, पावती किंवा खरेदीखत मिळाले तर पाहा. त्यातल्या न कळणाऱ्या खुणा वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येकीपुढे आजोबा-आजींनी सांगितलेला अर्थ लिहा. मूळ कागदावर मात्र पेनाचा ठिपकाही पडू देऊ नका. आणि जाता जाता हे उदाहरण सोडवा: ३॥ मण धान्य, दर मणाला रुपये २। , तर एकूण किंमत किती? उत्तर आधी आजच्या पद्धतीने काढा, मग उभ्या-आडव्या रेघांत लिहा. ७ रुपये १४ आणे येतील. तुमच्या उत्तरात तीन उभ्या आणि दोन आडव्या रेघा आल्या, तर जुना करार तुम्हाला समजला असे खुशाल समजा.